जर्मनीचं पाचवं पोस्टर

मुळशी तालुक्यात मला 'जर्मनबाई' म्हणतात. जर्मनी मी पाहिलेली नाही. पासपोर्टसुद्धा नाही. तरी पौडहून कोळवणला जाणाऱ्या एसटीत कुणी ना कुणी सरकून जागा देतं आणि विचारतं, "काय जर्मनबाई, आज कुटं पाडायची भिंत?"

मी पूर्णवेळ कार्यकर्ती आहे. म्हणजे काय, ते वडिलांनाही अजून नीट सांगता येत नाही. मुलगी बघायला आलेल्यांना ते "सामाजिक कार्यात आहे" म्हणतात आणि पाहुण्यांचा चहा लवकर संपतो. आमच्या संघटनेत पाच-सहा माणसं, पौडला सिमेंटच्या दुकानावर एक खोली, एक सायक्लोस्टाइल यंत्र होतं ते बंद पडलं, आता झेरॉक्स. पत्रकं लिहायची, वाटायची, भिंतींवर चिकटवायची, बैठका घ्यायच्या. मैद्याची खळ किती घट्ट हवी हे मला स्वयंपाकापेक्षा चांगलं कळतं.

या दिवाळी अंकाच्या संपादकांनी कळवलं, "कामातले रंजक अनुभव लिहा." रंजक फारसे नाहीत. एक आहे तो लिहिते. दिवाळीत वाचायला बरा वाटणार नाही, त्याला माझा इलाज नाही.

जर्मनीची कल्पना आमच्या संघटनेतल्या ज्येष्ठांची. त्यांचं म्हणणं असं की माणसाला त्याच्या गावाबद्दल तोंडावर बोललं की राग येतो. लांबच्या देशाबद्दल बोललं की तो मांडी घालून ऐकतो, आणि घरी गेल्यावर आपोआप गावाचा विचार करतो. म्हणून जर्मन लोकांच्या इतिहासाचं फिरतं पोस्टर प्रदर्शन. गावोगावी देवळाच्या सभामंडपात नाहीतर शाळेच्या ओट्यावर बांधायचं आणि मी उभं राहून सांगायचं.

एकूण आठ पोस्टरं. पहिल्यावर शेकडो लहान संस्थानं, प्रत्येकाचा राजा वेगळा, जकातनाका वेगळा. आणि एका भिक्षूने धर्मपीठाविरुद्ध काढलेली पत्रकं. छापखाना तेव्हा नवा होता, पत्रकं घरोघर गेली. पत्रकं लिहून पोट भरत नाही हे माहीत असलेल्या बाईला हे पोस्टर आवडणारच. दुसऱ्यावर तीस वर्षं चाललेलं युद्ध आणि ओस पडलेली गावं. तिसऱ्यावर १८७१, सगळी संस्थानं जोडून झालेलं साम्राज्य. चौथ्यावर पहिलं महायुद्ध, पराभव, आणि एका पावासाठी टोपलीभर नोटा घेऊन निघालेली बाई. पाचव्यावर १९३३. सहाव्यावर दुसरं महायुद्ध, छळछावण्या, बेचिराख शहरं. सातव्यावर देशाचे दोन तुकडे आणि बर्लिनची भिंत. आठव्यावर १९८९, भिंतीवर चढून बसलेली माणसं, आणि पुढच्या वर्षी पुन्हा एक झालेला देश.

त्या हुकूमशहाचं नाव मी कुठेच घेत नाही, इथेही घेणार नाही. आपल्याकडच्या पोरांना ते नाव फार लवकर पाठ होतं आणि फार आवडतं.

या कामालाही कसब लागतं. पोस्टर बांधायची उंची म्हणजे डोक्यावर हंडा घेतलेल्या बाईच्या डोळ्यांइतकी. तिला मान वर करता येत नाही, खाली घालता येत नाही. ती समोर बघते. वर बांधलं तर फक्त पुढारी वाचतात. सनावळीने सुरुवात केली की माणसं चपला शोधायला लागतात, म्हणून मी पावाच्या भावापासून सुरू करते. आणि पुरुषांना आधी प्रश्न विचारू द्यायचे नाहीत, नाहीतर बायका विचारतच नाहीत.

बायकांनी विचारलेले प्रश्नच माझ्या लक्षात राहिलेत. कोळवणला भाताची मळणी उरकून आलेली एक म्हातारी सातव्या पोस्टरसमोर बराच वेळ उभी राहिली. "पोरी," ती म्हणाली, "येका रातीत भिंत घातली म्हंतीस. मग पल्याड दिलेल्या लेकी म्हायेराला कशा आल्या गं?"

"नाही आल्या, आजी. पहिली दोन वर्षं तर अजिबातच नाही."

"दिवाळीलाबी न्हाई?" तिने पोस्टरकडे पाठ फिरवली आणि खाली बसली. मी सगळी पुस्तकं वाचून जे सांगत होते ते तिला तिथे कळलं होतं.

त्याच कोळवणला पुण्याचे एक गृहस्थ आले होते. फार्महाउस आहे त्यांचं, कुंपणाला विजेची तार. त्यांनी पाचव्या पोस्टरवर बोट ठेवलं. "बाकी काहीही म्हणा, गाड्या वेळेवर धावत होत्या. आपल्याला असा एक पाहिजे." मी म्हटलं, "काका, त्याच गाड्यांत माणसं कोंबून छावण्यांत नेली. त्याही वेळेवर पोचल्या." ते म्हणाले, "तुम्ही तरुण लोक फार नकारात्मक बोलता." हे असं प्रत्येक गावात एकदा तरी होतंच.

आता मूळ गोष्ट. दोन वर्षांपूर्वीची. भरे गावाच्या अलीकडे एक वाडी आहे. तिचं नाव लिहीत नाही, कारण या गोष्टीतल्या एका मुलीचं ते माहेर आहे. वाडीच्या निम्म्या जमिनी कारखान्यांत गेल्या. उरलेल्या जमिनीवर ज्याने त्याने कामगारांसाठी खोल्या काढल्या. हिराबाई आणि त्यांचे मालक तात्या यांनी सहा खोल्यांची एक ओळ बांधली होती, वर पत्रा, समोर एक नळ. चार खोल्यांत बिहारची कुटुंबं, दोन खोल्यांत आपल्याकडची, एक बीडचं आणि एक सांगलीकडचं.

त्यातल्या लालबाबूशी माझी ओळख होती. प्रेस मशीनवर काम करायचा. त्याची बायको रीना तेव्हा सात महिन्यांची गरोदर होती, आणि हिराबाई तिला लेकीसारखं बघायच्या. रोज ताक द्यायच्या, तिच्या हिंदीला हसायच्या, स्वतःची हिंदी तिच्याहून वाईट बोलायच्या. "बाळंतपन हितंच करायचं," हे त्यांनीच ठरवलं होतं. "इत्क्या लांब रेल्वेनं जानार व्हय, या पोटानं?"

वाडीत प्रदर्शन लावलं तेव्हा पोस्टरं बांधायला नवनाथ होता. तरुण मंडळाचा अध्यक्ष, गाठ मारण्यात माझ्याहून पटाईत. आमचं 'स्थानिकांना काम द्या' हे पत्रक त्यानेच घरोघर वाटलं होतं. त्याचा राग मला समजत होता, अजून समजतो. त्याच्या बापाची जमीन कारखान्यात गेली, आणि गेटवर ठेकेदार सांगतो, लोकल पोरं नकोत, लोकल पोरं युनियन करतात. "आमच्याच जमिनीवर आमी परके," तो म्हणायचा. हे वाक्य मी पत्रकात वापरलं होतं. टाळ्यांचं वाक्य आहे.

पाचव्या पोस्टरवर मी त्या दिवशी जरा रंगात आले. त्या वर्षी सगळीकडे परप्रांतीयांच्या नावाने शिमगा चालला होता, म्हणून मुद्दाम खुलवून सांगितलं. पहिल्याच दिवशी कुणी माणसं मारली नाहीत. आधी ज्यूंच्या दुकानांच्या काचांवर, दारांवर रंगाने चिन्हं काढली. पोरं दारात उभी राहिली. गिऱ्हाइकाला हात लावला नाही, नुसतं सांगायची, इथून घेऊ नका. सुरुवात अशी झाली, रंगाच्या डब्याने.

हिराबाई पुढे बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "आन् मग शेजारपाजारची मानसं काय करत हुती, ताई? त्यास्नी दिसत न्हवतं?"

हा प्रश्न प्रत्येक गावात येतो. माझं उत्तर ठरलेलं आहे. मी म्हटलं, "घाबरली होती." हिराबाईंनी मान हलवली, पण पटलेलं दिसलं नाही.

पंधराएक दिवसांनी मी पत्रकं द्यायला वाडीत गेले तर हिराबाईंच्या खोल्यांच्या दारांवर गेरूचे गोल. हाताएवढे, नीट काढलेले. पहिल्या दारावर, दुसऱ्या दारावर, तिसरं आणि चौथं कोरं, पाचव्यावर, सहाव्यावर.

रीना नळावर होती. मी विचारलं, हे कुणी काढलं? ती हसली. "पोलिओवाली दीदी लोग लिख के जाती हैं ना, वही होगा. बच्चा होने से पहले ही गिन लिया."

आपल्याकडे दारावर काहीही लिहिलं तरी माणूस दचकत नाही. पोलिओच्या बायका खडूने आकडे टाकतात, हिवतापवाले तारीख टाकतात, आणि सगळं भल्यासाठीच असतं. हिराबाई म्हणाल्या, "फवारनीवाले आले आसतील, मी रानात हुते." मी म्हटलं, "हिराबाई, फवारणीवाले गेरू घेऊन येतात? आणि मधल्या दोन खोल्यांना डास चावत नाहीत?"

हिराबाई दारांच्या ओळीकडे बघत राहिल्या. कोणती दोन दारं कोरी आहेत ते त्यांना तेव्हा दिसलं. बीडचं आणि सांगलीचं.

नवनाथ मंडळाच्या पोरांबरोबर पारावर होता. मी तिथेच सुनावलं. तो चिडला नाही, हीच मोठी भीतीची गोष्ट.

"ताई, गोल हाय नुसता. कुनाला हात लावला का? शिवी दिली का?"

"हे मी कशासाठी सांगितलं होतं, नवनाथ?"

"कशासाठीबी आसंल. पद्धत चांगली हाय की. मारामारी न्हाई, केस न्हाई. चार घरं आपसूक जातील, चार पोरं कामाला लागतील. तुमीच लिवलं ना, स्थानिकांना काम द्या?"

"तसं नव्हतं लिहिलं!"

"आसंच लिवलंय. घरी हाय माझ्याकडं. दावू?"

बाकीची पोरं हसली. मी तिथून निघाले ती थेट वाडीच्या पुढाऱ्याकडे. त्यांनी खुर्ची दिली, चहा सांगितला आणि ऐकून घेतलं. मग म्हणाले, "जर्मनबाई, रागावू नका. गेल्या वर्षी तुमी पत्रक काढलं, बिल्डर म्हंजे हुकूमशहा. मग निघालं, ग्रामपंचायत म्हंजे हुकूमशाही. उन्हाळ्यात लाईट गेली तवा आमच्या गरीब लाईनमनलाबी तुमी त्यात बसवला. आता पोरांनी दोन गोल काढले. आमी कुठल्या बारीला पळत यायचं, ते तरी सांगा."

तो माणूस मला अजिबात आवडत नाही. पण लाईनमनवर मी लिहिलं होतं हे खरं. मोठे शब्द स्वस्तात मिळतात, आम्ही ते वापरून वापरून गुळगुळीत केले. पोलीस चौकीत विचारलं, "तक्रारदार कोण?" लालबाबू तक्रारीला तयार नव्हता. "दीदी, गोल की क्या कंप्लेंट करें?" चौकीतल्या साहेबांचंही तेच म्हणणं होतं.

त्या वाडीत एकच माणूस काहीतरी करत होतं. हिराबाई सकाळी सडा घालायच्या तेव्हा खराटा आणि बादली घेऊन चारही दारं धुऊन काढायच्या. रात्रीतून गोल पुन्हा यायचे. सकाळी त्या पुन्हा धुवायच्या, आणि मोठ्याने म्हणायच्या, गल्लीला ऐकू जाईल असं, "मुडदा बशिवला त्या गेरूचा! माझ्या दाराला हात लावनाऱ्याचं हात झडतील!" पोरं लांबून बघायची. मला वाटलं, बास. असं एक माणूस असलं की पुरे. मी तसं पत्रकही लिहायला घेतलं होतं.

मग एके सकाळी मी गेले तर सडा घातलेला होता, रांगोळी होती आणि चारही दारांवर गोल तसेच होते.

हिराबाई चुलीपुढे होत्या. आत बोलावलं, पण माझ्याकडे बघेनात. तात्या दाराशी बसून विळ्याला धार लावत होते, पुन्हा पुन्हा त्याच जागी.

"काय झालं?"

"काय न्हाई."

"कुणी धमकी दिली?"

"न्हाई बया. धमकी कशाला देतील, आमचीच पोरं हायेत."

तात्याच बोलले शेवटी. धाकट्या लेकीचं, संगीताचं लग्न महिन्यावर आलं होतं. मुलाकडची पाहुणेमंडळी मोठी, मान-पान बघणारी. आमच्याकडच्या गावांत लग्नाची पंगत वाढायचं काम गावातल्या तरुण मंडळाचं. पैसे देऊन वाढपी आणणं म्हणजे गावाने वाळीत टाकल्यासारखं. पाहुणे तिथल्या तिथे ओळखतात की या घराला गाव नाही. नवनाथ आदल्या संध्याकाळी आला होता. पाया पडला, चहा घेतला. म्हणाला, "तात्या, संगी माझ्या भनीसारखी. पन पोरं म्हंत्यात, आमी बादल्या उचलनार न्हाई. मी तरी काय करू?" एवढंच. खोल्यांचं नावसुद्धा काढलं नाही.

"मी बोलते मुलाकडच्यांशी," मी म्हटलं. "आमच्या संघटनेची माणसं येतील वाढायला."

हिराबाई पहिल्यांदा माझ्याकडे वळल्या. "तुमी पाच जनं? सातशे पानं? आन् मग माझ्या लेकीच्या सासूला काय सांगू, गाव कुटं गेलं म्हनून?" त्यांनी पदराने तोंड पुसलं. "तुमी इचारलेलं न्हवतं, मीच इचारलं हुतं, शेजारी काय करत हुते. आता कळलं मला. भ्याले न्हवते ताई ते. त्यांच्याबी घरात लगीन आसंल."

सहा वर्षं मी चुकीचं उत्तर देत होते. हे मला कुठल्या पुस्तकाने सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी मी मानलं नसतं. आम्हाला खलनायक लागतो. इथे खलनायक नव्हता. बुंदीची बादली होती.

लालबाबूला तात्यांनी "सवडीनं बघा दुसरीकडं" म्हटलं. बाकीच्या तीन कुटुंबांनी वाट पाहिली नाही, ती पिरंगुटच्या पलीकडे गेली. लालबाबू तेवढा थांबला होता, बाळंतपणापर्यंत तरी राहू द्या म्हणून. मी तात्यांना म्हटलं, दोन महिने. हिराबाई म्हणाल्या, दोन महिने. तात्या म्हणाले, "लग्न दोन म्हैन्यांनी हाय का?"

भुकूमला एका बांधकामावर लालबाबूला जागा मिळाली, पत्र्याच्या शेडमध्ये. जीप सांगितली. मी सामान चढवायला गेले होते. वाडीतलं दुसरं कुणी आलं नाही, पण प्रत्येक घराचं दार उघडं होतं. हिराबाईंनी डिंकाचे लाडू करून आणले होते, डबा भरून. रीना वाकून पाया पडायला लागली. पोटामुळे तिला वाकता येईना, हिराबाईंनी तिला मध्येच धरलं आणि दोघी तशाच उभ्या राहिल्या. मला दोघींचाही भयंकर राग आला. एकीने शिव्या द्यायला हव्या होत्या आणि दुसरीने त्या खायला हव्या होत्या. तसं काही झालं नाही. रीना म्हणाली, "चाची, संगीता की शादी का फोटो दिखाना." ती मनापासून म्हणाली.

जीपमध्ये लालबाबू लाडवांचा डबा मांडीवर धरून बसला होता. त्याने प्रदर्शन पाहिलं होतं, मागे उभा राहून. भुकूमच्या अलीकडे त्याने विचारलं, "दीदी, वो जो दीवार गिरा था, आखिरी फोटो में. कितने साल बाद गिरा?"

"अट्ठाईस."

त्याने रीनाकडे बघितलं, मग बाहेर. नवीन इमारतींच्या जाहिराती लागल्या होत्या रस्त्याभर.

रीनाला त्या शेडमध्येच कळा सुरू झाल्या. दवाखान्यात पोचेपर्यंत फार उशीर झाला होता. ती वाचली, मूल नाही. हे मी हिराबाईंना सांगितलं नाही. लग्न चार दिवसांवर होतं. अजून त्यांना माहीत नाही असं मी मानते, पण वाडीत माहीत नसलेलं काही राहत नाही.

पौडच्या खोलीत आमची बैठक झाली. एकजण म्हणाला, पाचव्या पोस्टरमधला चिन्हांचा भाग काढून टाकू, लोक भलतंच शिकतात. मी विरोध केला. लोकांना रंगाचा डबा आम्ही दिला नाही. गेरू प्रत्येक घरात होता. पोस्टर आहे तसं आहे. मी फक्त शेजाऱ्यांबद्दल बोलताना आता "घाबरली होती" म्हणत नाही. काय म्हणायचं ते मात्र अजून सापडलेलं नाही. त्या जागी थांबते, पाणी पिते आणि सहाव्या पोस्टरकडे जाते. ज्येष्ठांना वाटतं मी थकलेय.

लग्न उत्तम झालं असं ऐकलं. मला पत्रिका होती, गेले नाही. नवनाथ दुपारभर बादली घेऊन पंगतीतून फिरत होता, पाहुण्यांना आग्रह करकरून वाढत होता. मुलाकडच्यांनी गावाचं कौतुक केलं. कामाचं म्हणाल तर त्या चार खोल्यांतली माणसं गेल्याने कुणालाच काम लागलं नाही. ठेकेदाराने दुसरी माणसं आणली, ती बसने लांबून येतात.

पुढच्या पावसाळ्यात हिंजवडीत ऑफिसात काम करणारा एक मुलगा लालबाबूच्या खोलीत राहायला आला. नांदेडचा, नवं लग्न झालेला. मी पत्रकं वाटत होते तर त्याने स्वतःहून आत बोलावलं, बायकोने सरबत दिलं. दाराला नवा निळा रंग दिला होता.

"कसं वाटतंय गाव?" मी विचारलं.

"एकदम मस्त, मॅडम," तो म्हणाला. "माणसं फार चांगली आहेत इथली. आम्ही आलो त्या दिवशी पाऊस होता, तर मंडळाची पोरं न सांगता धावत आली. कपाट, गॅस, सगळं सामान त्यांनीच उतरवलं. चहाला सुद्धा थांबले नाहीत."

बायको म्हणाली, "मालकीणबाई तर रोज ताक पाठवतात."

मी सरबत संपवलं आणि त्याला पत्रक दिलं. तो खोटं बोलत नव्हता.